पिशवी काढली त्या उन्हाळ्यात

दवाखान्यातून घरी निघाले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या पोटातून काहीतरी काढलं आहे. काय काढलं, किती काढलं, काय ठेवलं, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. नर्स म्हणाली होती, पिशवी काढली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, आता सगळंच काढतात, मागे काही ठेवत नाहीत. डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या, टाके बघायच्या, नर्सला इंग्रजीत काही सांगायच्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून "छान" म्हणून पुढच्या खाटेकडे जायच्या. मी शाळेत चौथीला शिकवायची. पोरांना सांगायची, समजलं नाही तर हात वर करा. त्या खाटेवर अकरा दिवस काढले, पण माझा हात एकदाही वर झाला नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन एक-दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. माझं वय अडतीस. आम्ही मूल या गावी राहायचो, मी आणि माझ्या दोन मुली. नवरा घुग्घुसच्या कोळसा खाणीत, वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिथं क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून एका खोलीत चौघे कामगार राहायचे, आणि शनिवारी संध्याकाळी तो घरी यायचा.

त्याआधीची तीन वर्षं मी गडद रंगाचीच पातळं नेसत होते. पाळी सुरू झाली की पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. वर्गात मी खुर्चीवर बसणं सोडून दिलं होतं. एकदा पाय फार दुखले म्हणून बसले, तर उठताना खुर्चीवर डाग. पोरांना पुस्तकात मान घालायला सांगितली आणि फळा पुसायच्या डस्टरनं खुर्ची पुसली. खडूची पांढरी भुकटी आणि ते लाल एकमेकांत मिसळलं. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, आता चंद्रपूरला दाखवायचं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पिशवीत गाठी आहेत, काढून टाकू. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये म्हणाल्या. निकाल लावून, पोरांच्या हातात प्रगतिपुस्तकं देऊन मी दवाखान्यात भरती झाले.

परत येताना नवऱ्यानं खाणीतल्या एका ओळखीच्या माणसाची जीप आणली होती. मी मागच्या सीटवर उशी पोटाशी घट्ट धरून आडवी. चिचपल्लीच्या पुढं जंगलातला रस्ता उखडलेला होता, प्रत्येक खड्ड्याला टाके आता तुटतात की काय असं वाटायचं. नवरा पुढं बसला होता आणि दर खड्ड्याला ड्रायव्हरला "हळू भाऊ, हळू" म्हणायचा. माझ्याकडे मात्र वळून पाहत नव्हता. दवाखान्यातही शेवटचे काही दिवस तो तसाच वागत होता. यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचा, डबा ठेवायचा, जायचा. मला वाटायचं, आता मी त्याच्या लेखी अर्धीच उरले असेन. मग वाटायचं, असं काही नसेल, ड्युटीनं थकला असेल. त्या दिवसांत एक गोष्ट मनात आली, की तिच्या उलट गोष्टही लगेच यायची आणि दोन्ही खऱ्या वाटायच्या.

घरी माझी नणंद आधीच येऊन बसली होती. ती माझ्या नवऱ्याहून बारा वर्षांनी मोठी. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. चामोर्शीजवळच्या खेड्यात माहेरच्या दीड एकर धानावर ती एकटी राहायची. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. दहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एक दिवस बैलबंडीत बसवून माहेरी आणून सोडलं. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. बाई स्वतः त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. माझ्याशी तर त्या फारसं काहीच बोलत नसत. मी शिकलेली, नोकरीवाली. त्या मला नावानं हाक मारत नसत, "मास्तरीण" म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला सतरा वर्षांत कळलं नव्हतं. या वेळी मात्र तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून त्या आल्या होत्या. ऑपरेशनच्या दिवशीही दवाखान्यात त्याच होत्या, हे मला ऐकून माहीत होतं. शुद्धीवर आले तेव्हा त्या परत गावी गेलेल्या होत्या.

त्यांनी मला दारातच थांबवलं, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "आता चाळीस दिवस बाळंतीण हायेस असं समज."

बाळंतीण. मला हसावं की रडावं कळेना. बाळंतपणं माझी दोन झाली होती. तेव्हा पोट रिकामं झालं तरी कुशीत काही होतं. या वेळी बाजेखाली शेगडी नव्हती, पाळणा नव्हता, आणि तरी मला डिंकाचे लाडू, गरम पाणी, डोक्याला फडकं असं सगळं सुरू झालं. तेही मे महिन्यात, चंद्रपूरकडच्या उन्हात. घरावर मातीचे कवेलू होते, दुपारी ते इतके तापायचे की छताकडे पाहिलं तरी डोळे चुरचुरायचे. त्यातच मला अचानक मानेपासून वर एक उकाडा यायचा, चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, घाम फुटायचा आणि पाच मिनिटांत अंग गार पडायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं होतं, पिशवी गेली की बाई एकदम म्हातारी होते, अंगातून वाफा निघतात. मी विचार करायची, हे ऊन आहे की मी आहे? मुलींना विचारायची, तुम्हालाही गरम होतं का? त्या हो म्हणायच्या. त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं.

सल्ले देणाऱ्या बायका रोज यायच्या. एक म्हणायची भात खाऊ नको, टाक्यात पाणी धरतं. दुसरी म्हणायची भाताशिवाय काही खाऊ नको, पोटाला हलकं. एक म्हणायची चाल, नाहीतर आतडी चिकटतात. दुसरी म्हणायची हलू नको, आतडी खाली येतात, आता तिथं जागा रिकामी आहे ना. ही रिकामी जागा माझ्या डोक्यात घर करून बसली. कुशीवर वळताना मला आतलं काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. खोकला आला की उशी दाबून धरायची. लघवीला जळजळ व्हायची, शौचाला बसायचं तर भीतीच वाटायची. टाक्यांच्या खालची बोटभर कातडी बधिर झाली होती. तिथं हात लावला तर हाताला पोट लागायचं, पोटाला हात लागायचा नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला विहारातल्या बायका पांढरी पातळं नेसून, खिरीचा डबा घेऊन घरी आल्या. सगळ्यांनी बसून वंदना म्हटली. मला उठता येत नव्हतं म्हणून मी बाजेवरूनच हात जोडले. एरवी त्या ओळी म्हणताना माझं मन थाऱ्यावर येतं. त्या दिवशी मध्येच शब्द विसरले आणि इतक्या वर्षांच्या पाठ ओळी कुठं गेल्या, म्हणून घाबरले. औषधाचा परिणाम असेल, असं एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, भूल दिली की डोक्यातलं थोडं जातंच. म्हणजे पोटातलं गेलं, आणि डोक्यातलंही?

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक गोष्ट घडली, ती आजही आठवली की मला माझीच लाज वाटते.

माझी मोठी ट्रंक होती, तिच्यामागे मी जुन्या सुती पातळांच्या घड्यांचं एक गाठोडं ठेवायची. पाळीसाठी. तीन वर्षं त्या घड्यांवर माझा सगळा संसार चालला होता. शाळेच्या पिशवीत, प्रवासात, लग्नाकार्यात, त्या घड्या असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नव्हते. एका सकाळी मी भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, तर बाई चुलीवरचं भाताचं भांडं त्यातल्याच एका घडीनं धरून उतरवत होत्या. दुसरी घडी पाटावर पुसणं म्हणून पडलेली. बाकीच्या गरम पाण्यात उकळून, वाळवून, रचून ठेवलेल्या.

मी ओरडले. शाळेत मी पोरांवरसुद्धा तशी ओरडत नाही. माझ्या वस्तूला हात कायले लावला, मले विचारलं का, असं माझ्याच तोंडून माझ्याच माहेरची बोली बाहेर पडली.

बाईंनी भांडं खाली ठेवलं. "आता तुले कायले पाहिजे ते?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून विचारलं.

ज्या घड्यांचा मी तीन वर्षं तिटकारा केला, त्या गेल्या म्हणून मी तिथंच पिढ्यावर बसून रडले. रडताना टाके दुखत होते म्हणून नीट रडताही येत नव्हतं. बाईंनी उरलेल्या घड्या गोळा करून पुन्हा ट्रंकेमागे ठेवून दिल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या पायांना तेल लावलं.

माझी पाळी थांबायचा नेम नसला तरी यायची तारीख कधी चुकत नव्हती. मे महिना संपत आला होता आणि कॅलेंडरकडे पाहण्याचं मला आता काही कारण नव्हतं. पण एका सकाळी उठले तर कंबर भरून आलेली, छाती जड, ओटीपोटात ती ओळखीची ओढ. मी अंगणातल्या न्हाणीत जाऊन पाहिलं. काही नव्हतं. परत येऊन बाजेवर पडले. दुपारपर्यंत ओढ वाढली. कॅलेंडर पाहिलं, तारीख तीच होती.

मनात आलं, यांनी काढलंच नाही. पोट फाडलं, आत पाहिलं, काहीतरी भयंकर दिसलं आणि तसंच शिवून टाकलं. म्हणून डॉक्टरीण काही सांगत नव्हती. म्हणून नवरा माझ्याकडे पाहत नाही. शाळेतल्या एका बाईंच्या आईचं तसं झालेलं मी ऐकलं होतं. सगळं एकदम जुळलं, आणि जुळलं म्हणूनच खरं वाटलं.

बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, मला पाळीसारखं दुखतं आहे. माझं काढलं नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि मला कुणी सांगत नाही.

त्या बाजेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, "काढलं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

ऑपरेशन झाल्यावर नर्स बाहेर आली होती. हातात स्टीलचं तबक. पेशंटचं माणूस कोण म्हणून तिनं विचारलं आणि तबकावरचं फडकं बाजूला केलं. तसा दवाखान्याचा रिवाजच होता, काढलेलं घरच्यांना दाखवायचं, म्हणजे नंतर कुणी शंका घेऊ नये. माझ्या नवऱ्यानं एकदा पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई मात्र जवळ गेल्या. वाकून पाहिलं.

"कशी होती?" मी विचारलं.

"रामफळावानी. वरून गाठी गाठी. एक गाठ तं लिंबाएवढी." पिशवी केवढी ते त्यांनी हाताची मूठ करून दाखवलं, मग मूठ थोडी सैल केली. "तुह्या दोन्ही पोरी एवढ्याशातून आल्या, मले खरंच वाटे ना."

मी त्यांच्या मुठीकडे पाहत होते. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला, की माझं मी पाहिलं नाही आणि हिनं पाहिलं. मग मी विचारलं, त्याचं पुढं काय केलं. फार विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यानं मले शपथ घातली होती. पण तू अशी येड्यावानी करून राह्यली तं सांगतो. तुह्या नवऱ्यानं ते नागपूरले नेलं."

नागपूरला. तपासायला. चंद्रपूरला तेव्हा तशी तपासणी होत नव्हती. डॉक्टरीणबाईंना एक गाठ बरी वाटली नव्हती आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, बरणी घेऊन या, औषधात घालून देते, तुम्हीच पोचवा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी खाटेवर पेज पीत होते, तेव्हा तो एस.टी.नं माझी पिशवी घेऊन नागपूरला चालला होता.

शनिवारी तो आला. जेवण झालं, मुली शेजारी गेल्या, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं. ती भांडी घासायला उठून गेली. मग तो सांगायला लागला, जमिनीकडे बघत.

बाजारातून त्यानं मोठ्या तोंडाची काचेची बरणी घेतली, लोणच्यासाठी असते तसली. दवाखान्यानं ती भरून दिली. वरून फडकं बांधलं आणि ड्युटीच्या डब्याच्या पिशवीत उभी ठेवली. गाडीला गर्दी होती. खाली ठेवायची हिंमत होईना, कुणाचा पाय लागेल म्हणून मांडीवर घेतली. वरोऱ्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, लोणचं आहे का. तो हो म्हणाला. म्हातारी म्हणाली, उभी धर बाबा, तेल सांडलं तर कपडे जातील. मग नागपूरपर्यंत ती त्याला कैरीचं लोणचं कसं घालायचं ते सांगत होती आणि तो मान हलवत होता.

"तुमी काय केलं मंग?" मी विचारलं.

"काय करन? धरून बसलो." मग म्हणाला, "उतरल्यावर लई रडलो. स्टँडवरच."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, लोणचं हा शब्द डोक्यातून जाईना. पोट धरून, टाके दाबून मी हसले, आणि तो माझ्याकडे असा पाहायला लागला जणू मला वेड लागलं. मग तोही हसला. आणि मग एकदम मला इतका संताप आला, की मी त्याला म्हटलं, माझ्या अंगातली गोष्ट, माझं मरण-जगणं, तुम्ही दोघं भावंडं आपसात ठेवता? मी काय लहान पोर आहे?

आठ दिवसांनी तो पुन्हा नागपूरला जाऊन कागद घेऊन आला होता. खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वाचून घेतला होता. साधी गाठ आहे, वाईट काही नाही. तो कागद तेव्हापासून त्याच्या खिशात होता. चांगलं निघालं तरी का नाही सांगितलं, मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर आधी काय भीती होती तेही सांगावं लागलं असतं. माझ्याकडे पाहिलं की त्याला ती बरणीच दिसायची, म्हणून पाहत नव्हता.

मी कागद हातात घेतला. इंग्रजी अक्षरं लागत होती, शब्द लागत नव्हते. वजनही लिहिलं होतं ग्रॅममध्ये. तेवढं मात्र कळलं.

पण दुखणं का, ते कुणालाच सांगता आलं नाही. चार दिवस दुखलं आणि आपोआप थांबलं. जूनच्या मध्यात सहा आठवडे झाले म्हणून दाखवायला जायचं होतं. नवऱ्याला रजा नव्हती. बाई सोबत आल्या. गाडीत त्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर, आणि निम्मा रस्ता गेल्यावर बाहेर बघतच म्हणाल्या, "मास्तरीण, एक विचारू? माही हाये का नाई, ते पाह्यता येते का त्याइले?"

मला आधी कळलंच नाही.

"तुही पिशवी पाह्यल्यापासून मनात हाये," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मले देलीच नसन देवानं. सारे वांझोटी म्हणत. पण कोणी पाह्यलं तं नाई न कधी."

त्या पन्नाशीच्या होत्या. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, विचारू.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं. या वेळी मी घरून प्रश्न कागदावर लिहून नेले होते, सात प्रश्न. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. मधलं काढलं, दोन्ही बाजूंचे दोन बदामाएवढे भाग ठेवले. ते त्यांचं काम करत राहतील, म्हणून महिन्याच्या महिन्याला तसं वाटेल. बाहेर काही येणार नाही. अंगातून वाफा? त्या म्हणाल्या, काही दिवस होऊ शकतं, पण बाई, बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे. बधिर कातडी हळूहळू जागी होईल, थोडी राहीलही. रिकामी जागा? आतडी बसतात तिथं, काही पडत नाही खाली. मी सगळं लिहून घेतलं. समजलं होतं. तरी खोलीतून बाहेर पडताना, समजल्यावर जे वाटायला हवं ते वाटत नव्हतं.

मग मी बाईंबद्दल सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर घेतलं. मी पडद्याच्या बाहेर उभी होते. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या, "आहे. अगदी चांगली आहे. वयानं लहान झाली आहे एवढंच."

बाई पातळ सावरत टेबलावरून उतरल्या. "मंग मले लेकरू काऊन नाई झालं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते आता नाही सांगता येणार. नळ्या बंद असतील, नवऱ्यातही काही असू शकतं. तेव्हा दोघांना तपासायला हवं होतं.

त्या माणसाला दुसरीपासून दोन मुलगे होते. हे मला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं, आणि आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मला राहून राहून वाटत होतं, की मी हे का केलं. सव्वीस वर्षं त्या एक समज धरून जगल्या होत्या. चुकीचा असेल, पण त्यावर त्यांचा पाय टेकत होता. आता चांगली आहे म्हटल्यावर त्यांनी काय करायचं? आणि नसती निघाली, तर बरं झालं असतं का?

दोन दिवसांनी त्या गावी गेल्या. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची वेळ झाली होती. स्टँडवर मी त्यांचं गाठोडं उचलायला गेले तर हातावर चापट मारली, जड उचलू नको म्हणाल्या. जवळ घेतलं नाही, तशी त्यांची रीत नव्हती.

शाळा उघडली. मी खुर्चीवर बसून शिकवायला लागले. फिक्या रंगाचं पातळ नेसले त्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, बाई, तब्येत सुधारली. मी हो म्हटलं. तारीख आली की छाती जड व्हायची आणि मी उगाच पातळ मागून चाचपून बघायची. ती सवय जायला वर्ष लागलं. नवरा पुन्हा माझ्याकडे पाहून बोलायला लागला. पावसाळा संपता संपता आम्ही पुन्हा एका अंथरुणात झोपलो. त्याला माझी भीती वाटत होती आणि मला त्याची, आणि तरी ते बरं झालं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चामोर्शीकडे बाईंच्या घरी गेलो. धान कापणीला आला होता. दुपारी बांधावर बसलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीगत सांगावी तसं. जूनमध्ये आमच्याकडून निघाल्या, तेव्हा त्या सरळ गावी गेल्याच नव्हत्या. मध्येच उतरून त्या माणसाच्या गावी गेल्या होत्या. सव्वीस वर्षांनी. तो ओसरीवर बसला होता, डोळ्यांनी अधू झालेला. दुसरीनं ओळखलं आणि पाट दिला. बाई बसल्या आणि त्याला म्हणाल्या, डॉक्टरीण म्हणते माझी चांगली आहे. तो काही बोलला नाही. ऐकू आलं की नाही तेही कळलं नाही. दुसरीनं पाणी आणून दिलं, ते त्या प्यायल्या आणि उठून आल्या.

मी विचारलं, "मंग, बरं वाटलं का बाई?"

त्यांनी विळा हातात घेऊन धार बोटानं पाहिली. "काय मालूम," म्हणाल्या. "पाणी गोड होतं त्याइच्या हिरीचं."

आणि उठून पुढच्या बांधीत धान कापायला उतरल्या. मला वाकायची अजून धास्ती होती, म्हणून मी बांधावरच बसून राहिले.